कुठला डॅश, छोटा की मोठा?

छापखान्यात लिनक्स आणलं ते लायसन्सचे पैसे वाचवायला. पैसे वाचलेही. पण ते बिल नेमकं कोणाच्या नावावर फाटलं, हे कळायला पाच वर्षं गेली...

साठ... एकोणसाठ... अठ्ठावन्न...

नाही, थर्टीफर्स्टचं काउंटडाउन नाहीये हे. ऑगस्ट २००३. सदाशिव पेठेतल्या एका बोळातला आमचा छापखाना. गणपती तोंडावर आलेले. दारात तीन मंडळांची पोरं वर्गणीच्या पावती पुस्तकांसाठी उभी. आणि आतल्या खोलीत, ज्याला आम्ही मोठ्या अभिमानाने 'सर्व्हर' म्हणायचो त्या कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडलेली: मशीन बंद होतंय, काय ते सेव्ह करून घ्या. साठ सेकंद. मग मशीन आपोआप बंद, परत चालू, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. साठ... एकोणसाठ...

त्या किड्याचं नाव होतं ब्लास्टर. ११ ऑगस्टपासून तो जगभर पसरायला लागला होता. विंडोज २००० आणि एक्सपीमधल्या एका भोकातून तो आत शिरायचा. मेल उघडायला नको, सीडी टाकायला नको, नुसतं इंटरनेटला जोडलेलं असलं तरी पुरे. गंमत म्हणजे, ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच देऊन ठेवला होता. जवळजवळ महिनाभर आधी! आम्ही तो घातला नव्हता. का? कारण आमची एक्सपीची कॉपी 'कुणीतरी दिलेल्या' सीडीवरची. अपडेट करायला गेलो आणि चोरी पकडली गेली तर? त्या भीतीने आम्ही त्या बटणाच्या वाटेलाच जायचो नाही. आता चोराच्या घरात चोर शिरला, तर तक्रार कुठे करणार?

मी तेव्हा पंचविशीत. एका सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन. म्हणजे दिवसभर एसीत बसून दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचे, आणि घरच्या छापखान्यात हे धिंडवडे. ऑफिसातून पॅच सीडीवर भरून घेतला आणि रात्री दोनपर्यंत बसून नऊच्या नऊ मशीन साफ केली. पण तोवर दीड दिवस गेला होता. एका मंडळाने काम दुसरीकडे नेलं. बाबा काही बोलले नाहीत. बाबा काही बोलत नाहीत, तेव्हा जास्त लागतं.

कोटेशनची मागची बाजू

म्हटलं, आता रीतसर करू. कोटेशन मागवलं. तेव्हा कळलं की सर्व्हरचं लायसन्स वेगळं, आणि त्या सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं. क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स म्हणतात त्याला. म्हणजे हॉल बुक केलात तरी पाहुण्यांची तिकिटं निराळी. बाबांनी खालचा आकडा बघितला, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मॅपलिथोच्या रिमांचा हिशेब करायला घेतला. छापखानेवाल्याच्या घरात कोरी बाजू वाया जात नाही.

"फुकट काही नाही का गं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"आहे ना," मी म्हणाले.

आता इथे मला खरं तर थोडं भाषण द्यायचं होतं. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने हौस म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहायला घेतला, त्याआधी १९८३ पासूनच अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाचा घाट घातला होता, दोन्ही मिळून जे उभं राहिलं ते कुणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं, वाटावं, असं सगळं. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की दोन अर्थ निघतात, म्हणून त्या लोकांना बिअरचे दाखले देऊन फरक समजवावा लागतो. आपल्याकडे तो घोळच नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं.

बाबांना अर्थातच पहिला शब्द आवडला.

त्या वेळी पुण्यात लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी भेटायची. तिथल्याच एका मित्राने डेबियनच्या सीड्या जाळून दिल्या. (हो, तेव्हा सीडी 'जाळायची' असायची.) दिवाळी अंक बाजारात गेले, भाऊबीज झाली, छापखाना चार दिवस बंद होता, तेव्हा मी आणि आमचे डीटीपीवाले काका त्या असेंबल्ड डब्यासमोर बसलो. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या खेळण्यांची नावं असतात. आमच्या वाट्याला आला वुडी.

काका म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मी शाळेत जायच्या आधीपासून ते आमच्याकडे. खिळे जुळवणारे कंपोझिटर. उलटी अक्षरं सुलट वाचावीत तशी घडाघडा वाचणारे. ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, तेव्हा चाळिशी ओलांडल्यावर कीबोर्ड शिकले. निळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची ओळीमागून ओळ सरकताना बघून ते म्हणाले, "याला माउस नाही?"

"नाही लागत."

"बरंय की. सगळं अक्षरांतच आहे मग."

तेव्हा मला ते वाक्य गमतीचं वाटलं होतं. बास, तेवढंच.

सांबा नाचला

नऊ मशीन विंडोजची आणि मधला सर्व्हर लिनक्सचा, मग ही दोघं बोलणार कशी? त्याचं उत्तर सांबा. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या संशोधकाने १९९१ च्या अखेरीस याची सुरुवात केली. विंडोजची मशीन ज्या भाषेत एकमेकांकडे फाइली मागतात, ती भाषा त्याने तारेवरून जाणारी पाकिटं बघून बघून ओळखून काढली. दोन अनोळखी माणसांचं बोलणं खिडकीतून ऐकत एखादी भाषा शिकावी, तसं. त्या भाषेचं नाव एसएमबी. आधीच्या नावावर दुसऱ्या कुणाचा हक्क निघाला, म्हणून एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द त्याने कॉम्प्युटरच्या शब्दयादीत शोधले. त्यात सापडला सांबा! पुढे मार्च २००४ मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि ही भाषा दुसऱ्यांसाठी खुली करायला सांगितलं. कोर्टकचेऱ्या होऊन डिसेंबर २००७ मध्ये सांबावाल्यांना १०,००० युरो भरून अधिकृत कागदपत्रं मिळाली.

आमच्याकडे मात्र पहिल्याच सोमवारी ते चाललं. डीटीपीवाल्यांनी 'नेटवर्क नेबरहूड' उघडलं, त्यात नेहमीसारखं फोल्डर दिसलं, त्यात नेहमीसारख्या 'लग्नपत्रिका फायनल', 'लग्नपत्रिका फायनल फायनल' आणि 'खरी फायनल' अशा फाइली दिसल्या. खाली काय बदललं, कुणाच्या गावीही नव्हतं. सर्व्हर बदलल्याचं कुणाला कळलंच नाही, याहून मोठं कौतुक सर्व्हरचं असू शकत नाही.

अर्थात सगळंच काही असं गोडगोड नव्हतं. दोन ठिकाणी मी सपशेल आपटले.

एक, मला चढलं. म्हटलं, सर्व्हरच कशाला, डिझाइनची मशीनही लिनक्सवर नेऊ. एका मशीनवर टाकून बघितलं. आमचे मराठी फॉन्ट, पेज लावायचं सॉफ्टवेअर, त्यात पंधरा वर्षं साठवलेली कामं, त्यातलं काहीही तिकडे धड उघडेना. आठव्या दिवशी गुपचूप मागे फिरले. ती मशीन विंडोजवरच राहिली, फक्त त्यांची लायसन्सं आम्ही दोन वर्षांत एकेक करून विकत घेतली. सर्व्हरचे वाचलेले पैसे तिथे लागले. चोरीचं लचांड एकदाचं संपलं आणि अपडेटचं बटण दाबायला बोटं थरथरेनाशी झाली.

दुसरं जास्त लागलं. हिशेबाचा डेटाही सर्व्हरवर ठेवला होता. एके दिवशी अकाउंट्सच्या काकू आणि त्यांची असिस्टंट एकाच वेळी एंट्र्या टाकत होत्या आणि फाइल बिघडली. दोन दिवसांच्या एंट्र्या गेल्या. चूक शंभर टक्के माझी. वेग वाढावा म्हणून सांबा प्रत्येक मशीनला फाइलची कॉपी थोडा वेळ स्वतःजवळ ठेवायला देतं. याला ऑपलॉक म्हणतात. एकेकट्याच्या पत्रांना, चित्रांना ते छान. पण अनेकांनी एकदम लिहायच्या डेटाबेसला, आणि त्यात नेटवर्कच्या वायरी आमच्यासारख्या लोंबत्या असतील तर, घातक. त्या फोल्डरपुरतं ते बंद करायचं असतं. दोन ओळींचं काम. मी ते वाचलंच नव्हतं. काकूंनी दोन दिवस पावत्या पुन्हा चढवल्या आणि माझ्याशी आठवडाभर फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलल्या.

पण त्यानंतर? नो टेन्शन! महिने गेले, मशीन बंद करायची वेळ आली नाही. घरी गेले की मी 'अपटाइम' अशी आज्ञा द्यायचे आणि किती दिवस अखंड चालू आहे ते बघून खूश व्हायचे. एकदा २१३ दिवस झाले होते. दोस्तांना एसएमएस करून सांगितलं. अखंड चालू याचा अर्थ गाभ्याचे अपडेटही तेवढे दिवस घातलेले नाहीत, हे शहाणपण पुढचं.

ती रात्र

२००८ मध्ये मी बंगळूरला गेले. नवी नोकरी, नवा फ्लॅट, जेमतेम कन्नड. छापखान्याचा सर्व्हर मी तिथूनही बघू शकायचे. नेटवरून आत शिरायचं, दोन आज्ञा द्यायच्या, बाहेर पडायचं. वाटायचं, पुणं काय, बोटाच्या टोकावर आहे.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. रात्री सव्वाअकराला फोन. काका.

"अगं, लाइट गेली होती. यूपीएसने मान टाकली. आता लाइट आलीय, पण सर्व्हर सुरू होत नाहीये. काहीतरी इंग्रजीत लिहून थांबलाय."

दोन दिवाळी अंकांचं काम सर्व्हरवर. सकाळी पॉझिटिव्ह काढायला पाठवायची होती.

मी लॅपटॉप उघडला, आत शिरायचा प्रयत्न केला. शक्यच नव्हतं. सर्व्हर नेटवर्क सुरू होण्याच्या आधीच्याच पायरीवर अडकला होता. आमचं इंटरनेटही त्याच्यातूनच जायचं. बोटाच्या टोकावरचं पुणं अचानक आठशे किलोमीटर लांब गेलं.

"काय लिहिलंय, वाचा."

काकांनी अक्षर अन् अक्षर वाचलं. वीज मधेच गेल्यामुळे डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या होत्या. मशीन म्हणत होतं, माझ्याने आपोआप होत नाही, माणसाने येऊन दुरुस्ती करावी. त्यासाठी रूटचा पासवर्ड द्या.

रूट म्हणजे सर्वाधिकारी. आणि तो पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. बाबांकडे नाही, काकांकडे नाही, कागदावर तर नाहीच. सिक्युरिटी, यू नो!

आता तो फोनवर सांगायचा. आणि तो होता काय, तर कॉलेजात मला आवडणाऱ्या एका मुलाचं नाव, मधे डॉलरचं चिन्ह, पुढे त्याच्या बाइकचा नंबर. तोपर्यंत त्याचं लग्नही होऊन गेलेलं. मी एकेक अक्षर सांगत गेले.

"काहीच उमटत नाहीये पण!"

"उमटत नाही ते, काका. पासवर्ड दिसत नाही. तुम्ही टाइप करत राहा."

खिळे जुळवलेल्या माणसाला न दिसणारी अक्षरं टाइप करायला लावणं हा केवढा छळ असेल! पण दुसऱ्या खेपेला जमलं. काका क्षणभर थांबले आणि एवढंच म्हणाले, "नंतर बदलून टाक हो हा."

मग खरी आज्ञा. "एफ, एस, सी, के. मग एक जागा सोडा. मग डॅश, वाय..."

"कुठला डॅश? छोटा की मोठा?"

मी गप्प. दहा वर्षं कॉम्प्युटरवर काम करत होते, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. काकांना मात्र तो पडणारच. छोटा म्हणजे संयोगचिन्ह, मोठा म्हणजे अपसारण. त्यांच्या खिळ्यांच्या केसमध्ये दोघांची घरं वेगळी होती, आणि याच्या जागी तो बसवला तर मालक कान उपटायचे.

"छोटा, काका. संयोगचिन्ह."

"हां. पुढे?"

"पुन्हा जागा. मग तिरकी रेघ."

"पुढे झुकलेली का मागे?"

"पुढे. डीईव्ही. परत तीच रेघ. एम, डी, शून्य."

"शून्य ना? ओ नाही?"

"शून्य."

"आता अख्खी ओळ वाचून दाखवतो, मग एंटर मारतो," काका म्हणाले. प्रूफ वाचल्याशिवाय छपाई नाही! त्यांनी वाचली. बरोबर होती. एंटर.

पुढची पंचवीस मिनिटं स्क्रीनवरून ओळी धावत होत्या. काकांनी मधे चहा केला, मला फोनवर भुरक्यांचे आवाज येत होते. मी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मग ओळी थांबल्या, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि बारा वाजून गेल्यावर काका म्हणाले, "आलं गं. फोल्डर दिसतंय."

एक जाहिरात गेली. तिची फाइल हरवल्या-सापडल्यांच्या फोल्डरमध्ये नाव जाऊन नुसता नंबर होऊन पडली होती. एजन्सीने सकाळी पुन्हा पाठवली. बाकी सगळं वाचलं.

रोजचा बॅकअपही होता, बरं का! संध्याकाळी सगळं एका सुट्या डिस्कवर उतरायचं आणि बाबा ती डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचे. पण त्यातली फाइल परत कशी काढायची? तेही फक्त मलाच माहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लायसन्स विकत घेतलं की तुम्ही कंपनीचे गुलाम होता, लिनक्सवाला आपला राजा असतो, असं मी दोस्तांना ऐकवत फिरायचे. आणि इथे पाच वर्षं मी काय केलं होतं? कोड जगाला खुला होता. कुलूप मी माझ्या डोक्यात घातलं होतं. त्या अकरा माणसांच्या छापखान्याची मालकी एका परगावच्या मुलीच्या मूडवर आणि मोबाइलच्या रेंजवर टांगलेली होती. मी एखादा सिनेमा बघायला गेलेले असते तर? विमानात असते तर? एखाद्या कंपनीचा निदान हेल्पलाइन नंबर तरी असतो!

दोनशेपानी

दिवाळीला घरी गेले, तेव्हा काकांनी एक नवी दोनशेपानी वही आणून ठेवली होती. "सांग," म्हणाले.

तीन रकाने आखले. पहिल्यात आज्ञा. दुसऱ्यात तिचा अर्थ, मराठीत. तिसरा रकाना त्यांचा स्वतःचा: 'बरोबर असेल तर कसं दिसतं'. मी म्हटलं, याची काय गरज? चुकलं तर मशीन सांगतंच की. ते म्हणाले, "मूळ कॉपी शेजारी नसेल तर प्रूफ कशाशी ताडायचं?"

चार दिवसांत चौदा पानं झाली. मशीन बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, डिस्क किती भरली, बॅकअपमधून फाइल कशी काढायची, अपडेट कसे घ्यायचे. एकेक गोष्ट त्यांच्याकडून करून घेतली, मी हात मागे बांधून उभी. शेवटच्या दिवशी एक फाइल मुद्दाम उडवली आणि त्यांना परत आणायला लावली. नवा पासवर्ड (कुणाचंही नाव नसलेला) पाकिटात घालून बाबांच्या कपाटात गेला. आणि बाबांनी त्या महिन्यापासून काकांचा पगार वाढवला. लिनक्सपायी आम्ही दरमहा पैसे मोजायला लागलो ते असे. मला विचाराल तर तेवढे एकच पैसे योग्य जागी गेले.

त्या तिसऱ्या रकान्याची किंमत कळायला आणखी आठ वर्षं गेली.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरशासारख्या लावलेल्या होत्या. जे पहिलीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवर. एक गेली तरी काम चालू राहतं, आणि खरी मेख तिथेच आहे. काम चालूच राहतं, त्यामुळे एक गेल्याचं कुणाला कळतच नाही. मग काही महिन्यांनी दुसरी जाते, आणि लोक कपाळावर हात मारून घेतात. शिवाय आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरची फाइल चुकून पुसलीत की दुसरीवरचीही पुसली जाते.

२०१६ च्या पावसाळ्यात काकांचा फोन आला. "आज फाइल उघडायला किंचित वेळ लागतोय, म्हणून वहीतलं सातवं पान करून बघितलं. इथे कंसात दोन यू हवेत. आज एकच यू आहे, आणि शेजारी नुसती खालची रेघ."

यू म्हणजे डिस्क ठीक. रेघ म्हणजे डिस्क गेली. बिघाड झाला की मेल पाठवायची सोय मी केली होती, पण मेल माझ्या ज्या पत्त्यावर जायचा तो मी कधीच उघडायचे बंद केलं होतं. काकांनी ते पकडलं. का? कारण एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह आलं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? दुसऱ्या दिवशी नवी डिस्क बसली, आरसा पुन्हा जुळला, एक पानही अडलं नाही.

मग घ्यावं की घेऊ नये?

हे सगळं ऐकल्यावर नवा धंदा काढणारे दोस्त मला विचारतात, "म्हणजे लिनक्स सेफ ना?"

त्यांना मी २०१७ चा मे महिना सांगते. १२ मे रोजी वॉनाक्राय आला आणि जगभरच्या विंडोज मशीनवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायला लागला. त्याचाही पॅच मार्चमध्येच येऊन गेला होता. ज्यांनी घातला नाही, ते अडकले. २००३ ची आमची गोष्ट, फक्त मोठ्या पडद्यावर. मी कॉलर ताठ करून फिरले, आमचा सर्व्हर लिनक्सचा! बारा दिवस. २४ मे रोजी सांबामधलं एक भोक जाहीर झालं, २०१० पासून तिथे असलेलं. ते बुजवलं कुणी? लोकांनी लगेच पॅच काढला, आणि आमच्याकडे तो घातला काकांनी, वहीचं अकरावं पान उघडून. दोन्हीकडे भोकं असतात, दोन्हीकडे पॅच येतात. तो घालणारं माणूस आहे का, एवढाच प्रश्न.

आणि मार्च २०२४ तर विसरूच नका. जगातल्या असंख्य लिनक्स मशीनवर असणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या फाइल दाबण्याच्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवला. ते साधन सांभाळणारा एकटाच, तोही दमलेला. मदतनीस म्हणून एक जण आला, दोन वर्षं गोड वागला, विश्वास कमावला आणि काम साधलं. पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून तो मागे लागला. तो नोकरीला कुठे आहे माहितेय? मायक्रोसॉफ्टमध्ये! २००१ मध्ये जिच्या प्रमुखाने लिनक्सची तुलना कॅन्सरशी केली होती, तीच कंपनी. ती बातमी वाचली तेव्हा मला 'किंचित वेळ लागतोय' म्हणणारे काका आठवले.

फुकटाचा भरवसा किती, हेही एकदा ऐकून ठेवा. सेंटओएस हे बड्या ऑफिसांचं लाडकं फुकट लिनक्स. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की ती २०२१ अखेरीसच थांबेल. मात्र कोड मुक्त होता, म्हणून २०२१ मध्येच लोकांनी त्यातून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभं केलं. फुकट गेलं, मुक्त होतं म्हणून निभावलं. बाबांना शेवटी दुसऱ्या शब्दाचा अर्थ मी असा समजावला.

बाकी लिनक्स चालतं का, हा प्रश्न आता कुणी विचारूच नये. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा आला होता. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या पोटातही लिनक्सच आहे. विचारायचं ते वेगळं. तुमच्या ऑफिसात कुणाला ते शिकायची इच्छा आहे? त्याला वेळ आणि पगार द्याल? आणि तो सुट्टीवर गेला तर दुसऱ्या कुणाला वाचता येईल असं काही लिहून ठेवलंय? तीनपैकी एकाचं उत्तर 'नाही' असेल, तर सरळ लायसन्स घ्या, सपोर्टचे पैसे भरा, शांत झोपा. त्यात लाज नाही. किंमत दोन्हीकडे आहे. आम्ही ती एका माणसात घातली, आणि तो माणूस आम्हाला लाभला, हे आमचं नशीब.

२०१९ मध्ये काका रिटायर झाले. जाताना चष्मा, पट्टी आणि ती वही त्यांनी टेबलावर नीट मांडून ठेवली. वही आता डीटीपीच्या नव्या मुलीकडे आहे. मागच्या खेपेला छापखान्यात गेले तर ती जरा बिचकत माझ्याकडे आली.

"ताई, पाचव्या पानावरची आयएफकॉन्फिग आता आपल्या मशीनवर नसते हो. मी ती खोडून तिथे 'आयपी ए' लिहिलंय. काकांना राग नाही ना येणार?"

मी तिथूनच काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"लाल पेनाने खोडलंय का?"

मी बघितलं. लाल पेन होतं. समासात खूणही होती.

"मग ठीक आहे," काका म्हणाले.